पहिला फिफ्थ व्हील घेताना: आधी ट्रकच्या दारावरचं स्टिकर वाचा

मी वाळवा तालुक्यातली. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या अण्णांची बैलगाडी कारखान्याला जायची आणि मोळ्या रचताना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: वजन मागं गेलं की गाडी उलाळ होते, फार पुढं आलं की बैलांच्या मानेवर बसतं. चाळीस वर्षांनी, अमेरिकेतल्या ओहायोत राहून, मी आणि नवरा फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायला निघालो. हा सगळा व्यवहार अण्णांच्या त्या वाक्यावरच उभा आहे, हे समजायला मला आठ महिने लागले आणि मध्ये एका सौद्यात आम्ही फसता फसता वाचलो. आता आमच्या ट्रेलरचा ट्रक मीच चालवते. ओळखीतली मंडळी विचारायला लागली म्हणून हे एकदाच सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तसा. फिफ्थ व्हीलची जोडणी पिकअप ट्रकच्या हौद्यात असते. ट्रेलरचा पुढचा उंच भाग ट्रकवर येतो, त्याच्या खालची जाड पोलादी पिन हौद्यातल्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या यंत्राच्या, जबड्यात बसते. पुणे-मुंबई रस्त्यावर कंटेनर ओढणारे लांब ट्रक असेच जोडलेले असतात. घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून चार चाकांखेरीज एक आडवं चक्र असायचं, ते पाचवं चाक. नाव तिथून आलं.

या रचनेचा फायदा असा की ट्रेलरचं वजन ट्रकच्या मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे पडतं, त्यामुळे तो कमी झुलतो. शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला तरी स्टिअरिंग शांत राहतं. वळणंही आटोपशीर होतात. तोटा त्याच जागी आहे: वजन ट्रकच्या पाठीवर येतं, आणि ते पेलण्याची ट्रकची ताकद आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी असते.

वजनाचा हिशेब

२०२३च्या फेब्रुवारीत आम्ही एका आरव्ही शोला, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या प्रदर्शनाला गेलो. तिथे ३६ फुटांचा एक ट्रेलर मनात भरला. मध्यभागी ओटा, शेकोटीसारखा हीटर, मागे मोठी खिडकी. आमच्याकडे तेव्हा इथे तीन-चतुर्थांश टनी म्हणतात तो मधल्या ताकदीचा, २५०० मालिकेतला डिझेल ट्रक होता. विक्रेत्याने सांगितलं, तुमचा ट्रक १५,००० पौंड ओढतो, हा ट्रेलर भरलेला १३,९०० पौंड, काळजी नको. दोन्ही आकडे खरे होते. आम्ही आगाऊ रकमेचा चेक लिहायला बसलो होतो. नवरा म्हणाला, एकदा दारावरचं स्टिकर बघून येतो.

ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर पांढरं-पिवळं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. यालाच पेलोड म्हणतात. माहितीपत्रकातला पेलोड त्या मालिकेतल्या सगळ्यात हलक्या ट्रकचा असतो. दारावरचा तुमच्या स्वतःच्या ट्रकचा. आमच्या दारावर आकडा होता २,१९० पौंड.

आता उतरता हिशेब करा. आम्ही दोघं ३४० पौंड. हौद्यातला हिच १५० पौंड. हत्यारं, पाण्याची बाटली, थंडपेटी मिळून १००. उरले १,६०० पौंड. फिफ्थ व्हील आपल्या भरलेल्या वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के भार पिनवर टाकतो. मी २२ टक्के धरते. म्हणजे १,६०० पौंडांत बसणारा ट्रेलर भरून सव्वासात हजार पौंडांचा झाला. शोमधल्या ट्रेलरची पिनच तीन हजारांच्या वर गेली असती. ओढायची ताकद होती, पेलायची नव्हती. विक्रेता फक्त ओढण्याबद्दल बोलत होता आणि आम्हीही तेवढंच विचारलं होतं.

माहितीपत्रकात पिन वेटचा, म्हणजे पिनवरच्या भाराचा, जो आकडा छापतात तो रिकाम्या ट्रेलरचा असतो, त्यावर जाऊ नका. त्यात ना पाणी असतं, ना भांडी, ना कपडे. फिफ्थ व्हीलमध्ये सामानाचा मोठा कप्पा पुढे, बेडरूमखाली असतो; तिथे जे टाकाल त्यातलं बरंचसं पिनवर जातं. पाण्याचं एक गॅलन ८.३४ पौंडांचं. आमची ५० गॅलनची टाकी भरली की ४१७ पौंड झाले. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर करा, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल त्या आकड्यावर. तो ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवरच्या प्लेटवर असतो.

मग आमच्यापुढे दोन वाटा होत्या: छोटा ट्रेलर किंवा मोठा ट्रक. आम्ही ट्रक बदलला. एक टनी, ३५०० मालिकेतला, मागे दोनच चाकांचा आणि पेट्रोलचा. डिझेल इंजिन जड असतं आणि ते वजन थेट पेलोडमधून जातं, ही गोष्ट मला तेव्हा कळली. नव्या ट्रकच्या दारावर ३,९०० पौंड होते. तोच उतरता हिशेब केला तर १५,००० पौंडांपर्यंतचा ट्रेलर बसतो. तरी आम्ही ११,२०० जीव्हीडब्ल्यूआरच्या वर पाहायचं नाही असं ठरवलं. घाटात उतरताना मागे किती वजन आहे हे पायाला कळतं, आणि मला ते निवांतपणे कळायला हवं होतं.

तुमच्याकडे अर्धा टनी, १५०० किंवा १५० मालिकेतला ट्रक असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फिफ्थ व्हीलच्या नादी लागू नका. ‘हाफ टन टोएबल’ अशी चिठ्ठी लावलेले काही मॉडेल मिळतात, पण माणसं आणि सामान मोजल्यावर त्यांच्यापैकी फार थोडे त्या ट्रकच्या दारावरच्या आकड्यात बसतात. अशा ट्रकमागे साधा बंपर पुल ट्रेलर बरा. त्याचा भार पुढे १० ते १५ टक्केच येतो.

हौद्याची लांबीही पाहा. आठ फुटी हौद्यात ट्रेलर कसाही वळवला तरी त्याचा कोपरा सहसा कॅबला लागत नाही. साडेसहा फुटीत कडक वळणावर लागू शकतो. तिथे मागे सरकणारा हिच घ्यावा लागतो किंवा पुढचे कोपरे कापलेला ट्रेलर. ट्रेलरचा तळ आणि हौद्याच्या कडा यांच्यात सहा इंचांच्या आसपास मोकळी जागा लागते, नाहीतर चढउताराच्या रस्त्यावर दोन्ही एकमेकांवर आपटतात.

लांबी आणि उंची

३६ फुटांचं वेड उतरायचं आणखी एक कारण म्हणजे राष्ट्रीय उद्यानं. तिथले बरेच कॅम्पग्राउंड जुने आहेत, त्या काळातल्या छोट्या ट्रेलरसाठी आखलेले. तीस फुटांखाली राहिलात तर जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. आमचा २९ फुटांचा आहे.

मॉन्टानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जाण्याचं माझं फार दिवसांचं मनात होतं. तिथल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब आणि आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहन चालत नाही. ट्रेलरचा प्रश्नच नाही, पण चार दारी आणि आठ फुटी हौद्याचा ट्रकच २१ फुटांच्या पुढे जातो, हे कितीजणांच्या लक्षात येतं? आमचा साडेसहा फुटी हौद्याचा, २१च्या जरा आत. ट्रेलर उद्यानाबाहेर लावला, टोइंगचे आरसे मिटवले आणि तो रस्ता आम्ही आमच्याच ट्रकने केला. ट्रक घेण्याआधी जिथे जायचं आहे तिथले नियम वाचलेले असले की असे दिवस हाताला लागतात.

उंची माहितीपत्रकावर सोडू नका. आमच्या ट्रेलरची छापील उंची ११ फूट १० इंच. हिचवर जोडून, छतावरच्या एसीपर्यंत टेप लावून मोजली तर १२ फूट ३ इंच. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये रेल्वेचा एक पूल ट्रकांची छतं सोलण्यासाठी प्रसिद्ध आहे. ११ फूट ८ इंचांचा होता, २०१९मध्ये उचलून १२ फूट ४ इंच केला. म्हणजे आमच्यासाठी एक इंच. मी आमची मोजलेली उंची फूट-इंचांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवली आहे आणि ट्रक-आरव्हीसाठीचा जीपीएस वापरते, कारण साधा नकाशा न्यूयॉर्कच्या ट्रेलरबंदी असलेल्या पार्कवेंवरसुद्धा बिनदिक्कत पाठवतो.

परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलसाठी साध्या परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि १५,०००च्या वर वेगळ्या वर्गाचा परवाना. आपल्या राज्याच्या मोटार खात्याची माहिती सौद्याआधी वाचा.

आत राहून बघा

घेण्याआधी एकदा भाड्याने घ्या. फिफ्थ व्हीलचे कित्येक मालक ट्रेलर स्वतः कॅम्पग्राउंडवर आणून लावून देतात, म्हणजे तुमच्याकडे ट्रक नसला तरी चालतं. आम्ही ओहायोतल्याच हॉकिंग हिल्सला दोन रात्री राहिलो आणि त्या दोन रात्रींनी आमची यादी पुरती बदलली.

पहिली गोष्ट पायऱ्या. फिफ्थ व्हीलमध्ये बेडरूम आणि बहुतेक वेळा न्हाणीघरही वरच्या पातळीवर असतं. आईला आणायचं आमच्या मनात होतं. ती ७८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. बाहेरून चार पायऱ्या, आत आणखी तीन, रात्री दोन-तीनदा. म्हणून आतल्या पायऱ्यांना धरायला दांडा, पायऱ्या रुंद आणि कमी उंचीच्या, पायाशी दिवा, हे आमच्या यादीत सगळ्यात वर गेलं. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर आमच्याबरोबर राहिली आणि त्या दांड्याला धरून एकटी चढली-उतरली.

दुसरी स्वयंपाकघर, आणि यावर मी मुद्दाम लांबण लावणार आहे, कारण आपल्या स्वयंपाकाचा विचार करून इथे कोणी ट्रेलर बांधत नाही. शोरूमला जाताना मी घरचा पाच लिटरचा कुकर पिशवीत घालून न्यायचे. शेगडीवर ठेवायचा, झाकण लावायचं, वर मायक्रोवेव्हपर्यंत किती जागा उरते ते पाहायचं. काही ट्रेलरमध्ये शिट्टी थेट मायक्रोवेव्हच्या बुडाला लागते. तीन बर्नर असले तरी कुकर आणि कढई शेजारी-शेजारी राहतील असं नाही. तेही ठेवून बघा. मग शेगडीवरचा पंखा हवा बाहेर फेकतो की जाळीतून फिरवून पुन्हा आतच सोडतो ते विचारा. आत सोडणारा असेल तर मोहरी-हिंगाच्या पहिल्या फोडणीला धुराचा अलार्म वाजणार आणि वास गाद्यांत बसणार. छतात मोठा, वेग बदलता येणारा पंखा शेगडीजवळ असला तर काम होतं. आम्ही मासे आणि भरपूर तळण बाहेरच्या छोट्या शेगडीवर करतो.

वीज हाही स्वयंपाकाचाच विषय आहे. ट्रेलर ३० अँपिअरचा असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात. ५० अँपिअरचा असेल तर १२,०००. तीसवर एसी चालू, पाणी तापवायचं विजेवर चालू आणि त्यात मायक्रोवेव्ह किंवा चटणीचा मिक्सर लावला की ब्रेकर पडतो. उन्हाळ्यात फिरणार असाल आणि रोज घरचं जेवण करणार असाल तर ५० अँपिअरचा घ्या. ३० अँपिअरवर भागतं, पण प्रत्येक वेळी आधी काय बंद करायचं ते ठरवावं लागतं.

फ्रिज दोन प्रकारचे: गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा जुन्या धाटणीचा, आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरचा. जुन्याला थंड व्हायला रात्र लागते आणि तो सपाट जागेवर उभा असावा लागतो. पण विजेशिवायच्या जागी गॅसवर बरेच दिवस निघतात. दूध, दही, भिजवलेलं पीठ ठेवणाऱ्या घराला कॉम्प्रेसरचा फ्रिज जास्त मानवतो, मात्र बॅटरी चांगली हवी.

स्लाइड म्हणजे बटण दाबलं की बाहेर सरकणारी खोली. विक्रेत्याला ट्रेलरच्या सगळ्या स्लाइड बंद करायला सांगा आणि मग आत शिरून बघा. रस्त्यात थांबल्यावर संडासापर्यंत जाता येतं का? फ्रिज उघडतो का? शोमधल्या त्या लाडक्या ट्रेलरमध्ये स्लाइड मिटल्या की मधला ओटा वाट अडवायचा. पलंगावर खरोखर आडवे व्हा. आरव्ही क्वीन नावाची गादी घरच्या क्वीनपेक्षा पाच-सहा इंच आखूड असते. शॉवरमध्ये उभे राहा, संडासावर बसून दार लावून बघा. विक्रेता काय म्हणेल याचा विचार करू नका.

नवा की वापरलेला

पहिला ट्रेलर चार ते सहा वर्षं वापरलेला घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. नव्या ट्रेलरची किंमत दाराबाहेर पडताच घसरते, आणि पंधरा-वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर कित्येक वर्षं कर्ज ट्रेलरच्या किमतीहून जास्त राहतं. शिवाय कारखान्यातून आलेल्या बारीकसारीक चुका पहिल्या मालकाने निस्तरलेल्या असतात: ढिले नळ, नीट न बसलेली दारं, चुकीची जोडलेली वायर. पहिल्याच ट्रेलरमध्ये आपल्याला नेमकं काय हवं ते ठरतही नाही.

करोनाच्या काळात मागणी इतकी वाढली की २०२१मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही बाहेर पडले. २०२३मध्ये तोच आकडा तीन लाख तेरा हजारांच्या घरात आला. घाईच्या काळात बांधलेला ट्रेलर पाहत असाल तर तपासणी दुप्पट कडक ठेवा, एवढंच. ब्रँडच्या नावाला मी फार महत्त्व देत नाही. बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्खार्ट परिसरात बांधले जातात आणि मालक मोजकेच आहेत: जेको, कीस्टोन आणि हार्टलँड थॉर कंपनीकडे, ग्रँड डिझाइन २०१६पासून विनेबॅगोकडे, फॉरेस्ट रिव्हर २००५पासून बर्कशायर हॅथवेकडे. आम्ही कोलंबसहून एल्खार्टला जाऊन तिथलं आरव्ही संग्रहालयही पाहिलं. जमलं तर जा. जुन्या ट्रेलरची बांधणी जवळून पाहिली की आजच्या भिंतीत काय असतं याचा अंदाज येतो.

ऑक्टोबर ते जानेवारी हा घेण्याचा काळ. हंगाम संपलेला असतो आणि मालकाला थंडीची साठवण टाळायची असते. आमचा २०१८चं मॉडेल. ३१,००० डॉलर मागत होते, ऑक्टोबरअखेर २७,५००ला ठरला.

पाणी कुठे शिरलं आहे

ट्रेलर मोडतो तो पाण्याने. भिंत म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे प्लायवूडची पातळ फळी आणि फोम, सगळं चिकटवलेलं. छताच्या सांध्यातून पाणी आत गेलं की चिकटवण सुटते आणि पत्रा फुगतो. ही दुरुस्ती इतकी महाग असते की बहुतेक वेळा ट्रेलरच सोडावा लागतो.

मी कधीही दुपारी ट्रेलर बघायला जात नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहून लांबवर नजर टाकायची. फुगवटा असेल तर लाटेसारखा दिसतो. खास करून पुढचे दोन्ही वरचे कोपरे आणि खिडक्यांच्या खाली. मग शिडी लावून छतावर. रबरी छत फाटलेलं नको. पंखे, एसी, पाइप यांच्याभोवतीचं सीलंट तडकलेलं किंवा उचललेलं नको. ताजं, पांढरंशुभ्र सीलंट एकाच जागी भरपूर थापलेलं असेल तर तिथे काय झालं होतं ते विचारा. आत आल्यावर आधी नाक: बंद ट्रेलरमध्ये कुबट वास असेल, किंवा अत्तराचा उग्र वास असेल, तर सावध व्हा. टाचेने जमीन दाबत चाला, दाराशी, शॉवरपुढे, संडासाभोवती आणि स्लाइडच्या कोपऱ्यांत. घट्ट लागली पाहिजे. कपाटांच्या आत, गादीखाली, सिंकखाली टॉर्च मारा.

हे सगळं करूनही आम्ही एका ट्रेलरवर ५०० डॉलर आगाऊ दिले होते. मला सगळं ठीक वाटलं होतं. सुदैवाने तपासनीसाच्या अहवालावर सौदा अवलंबून राहील असं लिहून घेतलं होतं. एनआरव्हीआयए या संस्थेचे प्रमाणित तपासनीस असतात. विक्रेत्याने सुचवलेला नको, आपण शोधलेला घ्यावा. त्याने ओलावा मोजायचं यंत्र पुढच्या डाव्या कोपऱ्याला लावलं आणि मला हाक मारून आकडा दाखवला. कपाटाच्या मागची फळी त्याच्या बोटाने दबली. साडेआठशे डॉलर तपासणीचे गेले, पण भिजलेलं घर गळ्यात पडलं नाही. दुसऱ्या ट्रेलरसाठी मी पुन्हा तेवढेच पैसे दिले आणि अजिबात खळखळ केली नाही.

टायरवर डीओटी या इंग्रजी अक्षरांच्या पुढे शेवटचे चार अंक पाहा: आमच्यावर २३१७ होते, म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती, पण सहा वर्षांचे टायर. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात आणि फुटले की चाकावरची भिंत आणि पाइप फाडून नेतात. सौद्यात ते पैसे कापून घेतले आणि चारही बदलले.

ताब्याच्या दिवशी चार तास हाताशी ठेवा. फ्रिज आदल्या दिवशी चालू करून ठेवायला सांगा. पाणी भरा, सगळे नळ सोडा, पाणी गॅसवर तापवून बघा आणि विजेवरही. घर तापवायची भट्टी, एसी, प्रत्येक स्लाइड तीनदा आत-बाहेर, बाहेरचं कापडी छत उघडून. धूर, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मागे मुदत छापलेली असते, ती वाचा. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कागदांशी जुळवा आणि जुनं कर्ज शिल्लक नाही याची खात्री करा. पैसे यानंतर द्या. डीलरकडून घेत असाल तर ‘बाहेर पडेपर्यंतची एकूण किंमत’ एका कागदावर मागा. कागदपत्रांचं शुल्क, तयारीचं शुल्क, वाढीव वॉरंटी, रंगाचं संरक्षण असं बरंच काही शेवटच्या टेबलावर जोडलं जातं. वाढीव वॉरंटीला आम्ही नाही म्हटलं.

किमतीशिवाय आमचे आणखी साधारण चार हजार डॉलर गेले: हिच, टायर, विजेच्या चढउतारापासून वाचवणारं यंत्र, पाण्याच्या आणि मैल्याच्या नळ्या, चाकांचे अडथळे, विमा. आमच्या सोसायटीत ट्रेलर उभा करायला बंदी आहे, म्हणून महिना ९५ डॉलर साठवणुकीचे. हे सगळं आधीच बजेटात धरा.

जोडणं आणि वजनकाटा

विक्रेत्याकडून जोडणं-सोडवणं आपल्या हातांनी तीनदा करून घ्या. चाकांना अडथळे, हौद्याचं मागचं झाकण खाली, ट्रेलर अशा उंचीवर की हिचची पाटी त्याला किंचित वर उचलेल, मग हळू मागे. जबडा मिटल्यावर टॉर्चने पिनभोवती पूर्ण मिटला आहे का ते डोळ्यांनी पाहायचं. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. वायर आणि ब्रेकची सुरक्षा-दोरी लावायची. मग ट्रेलरचे पाय जमिनीपासून जरासेच उचलून, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक पुढे ओढून बघायचा. पिन जबड्याच्या वरच टेकली असेल तर ट्रेलर इथेच सुटेल, आणि पाय जवळ असल्यामुळे हौद्यावर कोसळणार नाही. मी हे दर वेळी करते, पाच मिनिटांसाठी हललो तरी.

पहिल्या फेरीआधी सगळं सामान भरून ट्रक थांब्यावरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर गेलो. पंधरा-वीस डॉलरच्या आत काम झालं. एकदा जोडलेल्या अवस्थेत: ट्रकची पुढची चाकं ४,३१० पौंड, मागची ५,७२०, ट्रेलरची ८,२४०. मग ट्रेलर जवळच्या मोकळ्या जागेत सोडून नुसता ट्रक: ७,६९०. ट्रकवरची दोन वजनं मिळून १०,०३०, त्यातून ७,६९० वजा केले की पिनवरचा भार २,३४०. तो ८,२४०मध्ये मिळवला की ट्रेलर १०,५८० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ४,८०० किलो. पिन २२ टक्के. ट्रकची मर्यादा ११,०००, ट्रेलरची ११,२००, दोन्हींच्या आत.

त्या रात्री अण्णांना व्हिडिओवर ट्रेलर दाखवला. त्यांनी आतलं काही विचारलं नाही. पुढं किती वजन टाकलंस, एवढंच विचारलं. मी पावती कॅमेऱ्यासमोर धरून आकडे वाचून दाखवले.

पहिली फेरी घरापासून तासाभराच्या आत करा, दोन रात्रींची. काहीतरी विसरलेलं असतंच. आम्ही पाण्याचा दाब कमी करणारी तोटी विसरलो होतो आणि ती गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. आणि आमच्यासारखं ऑक्टोबरात, थंडीच्या राज्यात घेतलंत तर ताबा घेतानाच हिवाळ्याचा बंदोबस्त करून दाखवायला सांगा: टाक्या आणि नळ रिकामे, गीझर वगळणारी तोटी फिरवलेली, मग गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ प्रत्येक नळातून गुलाबी दिसेपर्यंत ओढायचं, शॉवर, संडास आणि बाहेरचा नळ यांच्यासकट. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. बाहेरचा नळ हमखास राहून जातो.